‘परवागिल्ल’ म्हणता आले पाहिजे

चित्रपट, नाटक आणि मालिका यांवरील गप्पांना आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा नाही. राजकारणावर बोलणारा मनुष्य जागरूक नागरिक ठरतो, शेअर बाजारावर बोलणारा व्यवहारी ठरतो आणि अध्यात्मावर बोलणारा तर थेट आदरास पात्र होतो. परंतु काल पाहिलेल्या चित्रपटातील नायकाच्या मिशीवर अर्धा तास बोलणाऱ्याकडे मात्र ‘याला दुसरा उद्योग नाही काय?’ अशा नजरेने पाहिले जाते. बँकेच्या नोकरीत हयात घालविलेल्या माझ्यासारख्याला ही नजर चांगलीच परिचयाची आहे. तरीही या गप्पांची बाजू आज आपणांसमोर मांडावी असे मी योजिले आहे. या गप्पांनी मला एका परक्या शहरात घर मिळवून दिले, आणि एकदा त्यांचे पथ्य न पाळल्यामुळे ते घर मी जवळजवळ गमावून बसलो होतो. दोन्ही गोष्टी सांगण्याजोग्या आहेत.

१९९८ साली माझी बदली बंगळूरला झाली. तीन वर्षे काढू आणि परत जाऊ, या हिशेबाने आम्ही बनशंकरी सेकंड स्टेजमध्ये भाड्याचे घर घेतले. घर निवडताना सौभाग्यवतींनी खोल्यांपेक्षा नावाकडे अधिक पाहिले. आमचे कुलदैवत बदामीची बनशंकरी. बदामीजवळच्या चोळचगुड्ड येथील ही शाकंभरी देवी महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी आहे. तिच्याच नावाच्या वस्तीत आपली बदली व्हावी हा शुभसंकेत आहे, असे घरात ठरले. कनकपुरा रस्त्यावरच्या येथील मंदिरात राहुकाळात लिंबाच्या सालीचे दिवे लावणाऱ्या स्त्रियांची रांग पाहून सौभाग्यवती पहिल्याच आठवड्यात बनशंकरीकर झाल्या. मला मात्र काही वर्षे लागली, आणि त्या कामी देवीपेक्षा चित्रपटांची मदत अधिक झाली.

अर्थात देवीला त्याचे वाईट वाटले नसावे. बदामीची बनशंकरीची जत्रा पौष पौर्णिमेस भरते, आणि त्या जत्रेची ख्याती जितकी रथोत्सवाची, तितकीच नाटक कंपन्यांची आहे. कर्नाटकातील व्यावसायिक नाटक मंडळ्या तेथे तंबू ठोकतात आणि रात्र रात्र खेळ चालतात. दिवसा देवीचे दर्शन आणि रात्री नाटक, असा तेथील भाविकांचा कार्यक्रम असतो. करमणूक ही भक्तीच्या शेजारी बसू शकते, हे त्या जत्रेने केव्हाच मान्य केले आहे.

आमचा रविवारचा कट्टा

आमची मंडळी दर रविवारी सकाळी फेरफटका आटोपल्यावर साडेसातच्या सुमारास एका दर्शिनीपुढे जमतात. दर्शिनी म्हणजे उभ्याउभ्या इडली, वडा आणि कॉफी घेण्याचे बंगळूरचे खास उपाहारगृह. १९८० च्या दशकात ही पद्धत रूढ झाली आणि आज तिच्यावाचून हे शहर कल्पिता येत नाही. येथे ‘बाय टू’ असे सांगितले की एक कॉफी दोन पेल्यांत वाटून मिळते. पैसे वाचविणे हा त्यामागील हेतू असतो खरा, परंतु त्याहून मोठा हेतू असा की अर्धीअर्धी कॉफी घेतल्याने आणखी एकदा ‘बाय टू’ सांगता येते आणि गप्पा लांबतात.

मंडळींची ओळख करून देतो. पहिले मेष्ट्रू. कन्नडमध्ये मास्तरांना मेष्ट्रू म्हणतात. हे सरकारी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. दुसरे बेळगावचे तात्या. यांचे घर मराठी, शाळा कन्नड आणि पोटापाण्याचा धंदा औषधांच्या दुकानाचा. तिसऱ्या अक्का. या परिचारिका होत्या आणि कोणत्याही नटाचे पोट किंवा डोळ्यांखालची वर्तुळे पाहून त्याची प्रकृती सांगतात. चौथा ठाण्याहून आलेला एक तरुण संगणक अभियंता. हा आम्हा सर्वांना ‘काका’ आणि ‘मावशी’ म्हणतो आणि कोणता चित्रपट कोणत्या ओटीटीवर आला आहे याची बित्तंबातमी ठेवतो. पाचवा मी.

मी पहिल्यांदा या मंडळीत उभा राहिलो तेव्हा मला कन्नडचे दहा शब्दही येत नव्हते. शाखेत इंग्रजी आणि हिंदीवर भागत असे, पण ग्राहकाचे मन भागत नसे. मेष्ट्रूंनी मला व्याकरण शिकविले नाही. त्यांनी मला राजकुमार यांचे चित्रपट पाहावयास लावले आणि रविवारी त्यांवर कन्नडमधून मत मागितले. पहिला चित्रपट ‘बंगारद मनुष्य’. १९७२ चा हा चित्रपट एक वर्षाहून अधिक काळ चित्रपटगृहांत चालला. शहर सोडून गावी जाऊन शेती करणाऱ्या नायकाची ती कथा आहे आणि ती पाहून अनेक तरुण शेतीकडे वळले, असे येथील माणसे आजही सांगतात. मी तो पाहिला, आणि रविवारी माझ्या तुटपुंज्या शब्दसंग्रहातून एकच शब्द काढून पुढे ठेवला: ‘परवागिल्ल’.

सर्वजण हसले. कारण ‘परवागिल्ल’ म्हणजे ‘बरा आहे, चालेल’. राजकुमार यांच्या चित्रपटाला बंगळूरमध्ये ‘चालेल’ म्हणणे हे पुण्यात पु. ल. देशपांडे यांना ‘बरे लिहितात’ म्हणण्यासारखे होते. परंतु मेष्ट्रूंनीच मला सावरून घेतले आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ सांगितला. कोणी चुकून तुमच्या पायावर पाय दिला आणि क्षमा मागितली, तरीही उत्तर ‘परवागिल्ल’ असेच असते. म्हणजे ‘असू द्या, काही हरकत नाही’. परीक्षण आणि क्षमा यांना एकच शब्द असलेली भाषा मला त्या दिवशी आवडली.

पुढे शाखेतही याचा उपयोग झाला. निवृत्तिवेतनाच्या दिवशी रांगेत ताटकळून चिडलेल्या वृद्ध ग्राहकाला ‘काल दूरदर्शनवर राजकुमारांचा कोणता चित्रपट होता?’ असे मोडक्या कन्नडमध्ये विचारले की त्याच्या कपाळावरील आठ्या निम्म्या कमी होत. रांग तेवढीच राही, पण आम्ही दोघे तिच्या एकाच बाजूला येऊन उभे राहत असू. नव्या गावी बदली होऊन जाणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना माझे आजही सांगणे आहे की, त्या गावचा नकाशा पाहण्यापूर्वी त्या गावचा लाडका नट कोण ते विचारून घ्यावे.

शिवाजीराव कोणाचे?

आमच्या कट्ट्यावरील सर्वांत जुना खटला रजनीकांत यांचा आहे. १२ डिसेंबर १९५० रोजी बंगळूरमध्ये एका मराठी कुटुंबात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड आमच्या बनशंकरीपासून फार दूर नसलेल्या हनुमंतनगर आणि गवीपुरम या भागात वाढले, शहराच्या बससेवेत वाहक झाले, १९७५ साली ‘अपूर्व रागंगळ’ या तमिळ चित्रपटातून पडद्यावर आले आणि तमिळनाडूचे दैवत बनले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा ‘कुली’ प्रदर्शित झाला, तेव्हा त्यांच्या पडद्यावरील कारकिर्दीस बरोबर ५० वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने खटला पुन्हा सुनावणीस आला.

तात्यांचा दावा असा की, घरात मराठी बोलली जात होती तेव्हा रजनीकांत आमचे. मेष्ट्रूंचा दावा असा की, शाळा कन्नड आणि बसही आमच्या शहराची, तेव्हा ते आमचे. अक्का म्हणाल्या, ‘तिकिटाचे पैसे ज्यांनी सर्वाधिक दिले त्यांचे’, म्हणजे तमिळ प्रेक्षकांचे. अभियंत्याने सुचविले की, ज्या बसमध्ये ते वाहक होते त्या बसचे म्हणावे. शेवटी सर्वानुमते ठरले की, घर एकाने, शाळा दुसऱ्याने आणि टाळ्या तिसऱ्याने दिल्या, तेव्हा हे संयुक्त खाते आहे आणि व्यवहार कोणासही करता येईल. बँकवाल्याच्या संगतीचा हा परिणाम.

या खटल्याचा निकाल कधीच अंतिम होत नाही, आणि होऊही नये. मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. भाषा, प्रांत आणि अभिमान हे विषय एरवी किती ज्वालाग्राही असतात हे आपण सर्वजण जाणतो. तेच विषय एका नटाच्या निमित्ताने, अर्ध्या कॉफीवर, हसत हसत हाताळता येतात. मतभेद कसा करावा याचा सराव माणसाला कोठेतरी करावाच लागतो. इस्टेटीच्या वाटणीवर किंवा निवडणुकीवर तो सराव करावयास गेल्यास घरे आणि मने मोडतात. चित्रपटावर मतभेद झाल्यास, फार तर, कॉफी थंड होते.

दशावतार आणि कांतारा

२०२५ च्या पावसाळ्याअखेरीस आमच्या कट्ट्याला मोठीच मेजवानी मिळाली. १२ सप्टेंबर रोजी सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला, आणि तीनच आठवड्यांनी, २ ऑक्टोबर रोजी, ऋषभ शेट्टी यांचा ‘कांतारा चॅप्टर १’ आला. पहिल्यात दिलीप प्रभावळकर यांनी वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी कोकणातील दशावतारी कलावंत उभा केला. दुसऱ्यात तुळूनाडूची दैवपरंपरा पडद्यावर आली. २०२२ च्या ‘कांतारा’साठी शेट्टी यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला असल्यामुळे अपेक्षा मोठ्या होत्या. कोकण आणि तुळूनाडू हे एकाच किनाऱ्याचे शेजारी. दोन्ही चित्रपटांत जंगल, दैवत आणि लोककला. मग काय विचारता! कोणी कोणाचे घेतले, यावर तीन रविवार गेले.

तात्या आणि मी मराठी बाजूने उभे राहिलो. प्रभावळकरांचे नाव काढताच माझ्या डोळ्यांपुढे दूरदर्शनवरील चिमणराव उभे राहतात, त्यामुळे माझ्याकडून निःपक्षपाताची अपेक्षा करणे गैर होते. मेष्ट्रूंनी आमचे सर्व युक्तिवाद शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, ‘सार्, तुमचे मराठी नाटक कोठून आले?’

येथे मला पराभव पत्करावा लागला. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या दरबारात १८४२ साली उत्तर कन्नड भागातील कर्की येथील भागवत मंडळींनी खेळ केले. ते पाहून त्यांनी आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भावे यांना तसाच, पण अधिक सुबक खेळ मराठीत करण्यास सांगितले, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आले. तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो. खुद्द दशावताराविषयीही परंपरा असेच सांगते की, अठराव्या शतकात आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी तो कर्नाटकातून कोकणात आणला. म्हणजे ज्या मुद्द्यावर आम्ही तावातावाने भांडत होतो, तो मुद्दाच मुळात मेष्ट्रूंच्या गावाहून आलेला होता.

परंतु तात्या हार मानणारे नव्हेत. त्यांनी दुसऱ्या रविवारी प्रतिदावा दाखल केला. अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. १८८० साली पुण्यात त्यांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, आणि मराठी संगीत नाटकांचे वळण पुढे उत्तर कर्नाटकातील नाटक कंपन्यांनी उचलले. ‘म्हणजे तुमच्या बनशंकरीच्या जत्रेतील तंबूंत आमचाही एक खांब आहे!’ तात्यांनी टेबलावर थाप मारली. शंकर नाग यांचे नावही निघाले. ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटात दिसलेले आणि पुढे कन्नडिगांच्या गळ्यातील ताईत झालेले हे नट १९९० साली अपघातात गेले. त्यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांनी शेजारच्या जे. पी. नगरात उभारलेले ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह २००४ पासून चालू आहे. तेथे नाटक ठरल्या वेळेस सुरू होते आणि उशिरा येणाऱ्यास आत प्रवेश मिळत नाही. ‘ही शिस्त मात्र मराठी नाही आणि कन्नडही नाही,’ असा शेरा अक्कांनी मारला आणि तो सर्वांनी मान्य केला.

तिसऱ्या रविवारी मेष्ट्रूंनी निकाल दिला: ‘बाय टू’. दोन्ही चित्रपटांना त्यांनी ‘परवागिल्ल’ हीच श्रेणी दिली आणि त्यामुळे दोन्ही पक्ष सारखेच असंतुष्ट झाले. उत्तम न्यायाधीशाची ती खूणच आहे.

महाग तिकीट आणि जड मत

अशा गप्पा आता कमी होत चालल्या आहेत, अशी खंत अनेक जण व्यक्त करतात. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागले की सारा देश एकच गोष्ट पाहत असे आणि सोमवारी सारी कचेरी त्याच गोष्टीवर बोलत असे. आता एकाच घरातील चार माणसे चार पडद्यांवर चार वेगळ्या गोष्टी पाहतात. हे खरे आहे. परंतु मला याहून वेगळे एक कारण दिसते. आपली मते महाग झाली आहेत.

हा हिशेब मी बँकवाला म्हणून मांडतो. चौघांचे कुटुंब मल्टिप्लेक्समध्ये गेले की तिकिटे, लाह्या, पेये आणि वाहनतळ मिळून महिन्याच्या अंदाजपत्रकास भोक पडते. एवढा खर्च केलेला मनुष्य ‘बरा होता’ असे म्हणून गप्प बसू शकत नाही. त्याला एक तर ‘अजरामर कलाकृती’ म्हणून आपल्या खर्चाचे समर्थन करावे लागते, किंवा ‘लुबाडले’ म्हणून संताप तरी करावा लागतो. कर्नाटक शासनाने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तिकिटाची कमाल मर्यादा कर वगळून २०० रुपये ठरविणारा नियम केला, आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने त्यास अंतरिम स्थगिती दिली. त्यातील कायद्याची बाजू जाणकारांवर सोपवावी. आमच्या कट्ट्याचे म्हणणे इतकेच की, तिकीट जितके स्वस्त, तितका प्रेक्षक उदार.

मते जड होण्याचे दुसरे कारण आपल्या खिशातील मोबाईल. दर्शिनीपुढे उच्चारलेले वाक्य चार माणसे ऐकतात, आणि त्या चौघांना बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो. तो डोळे मिचकावून बोलला की गंभीरपणे, हे त्यांना कळते. तेच वाक्य मोबाईलवर लिहिले की चेहरा गळून पडतो आणि शब्द तेवढे हजारोंकडे जातात. थट्टा म्हणून निघालेले वाक्य पोहोचेपर्यंत आरोप झालेले असते. हलके मत हलके राहते ते समोर चेहरा असतो म्हणून, हे माझे ठाम मत आहे. तथापि चेहरा समोर असूनही चूक होऊ शकते, आणि ती माझ्याच हातून झाली होती.

एका वाक्याची किंमत

२९ ऑक्टोबर २०२१ रोजी पुनीत राजकुमार गेले. राजकुमारांचे हे धाकटे चिरंजीव, साऱ्या कर्नाटकाचे ‘अप्पू’. वय अवघे ४६. हृदयविकाराचा झटका आला आणि काही तासांत सारे संपले. पुढचे दोन दिवस शहर जणू थांबले होते. अंत्यदर्शनास लोटलेला जनसागर आम्ही दूरदर्शन संचावर पाहिला. ३१ तारखेला रविवार होता. आमची मंडळी नेहमीप्रमाणे जमली, पण कोणी बोलेना. ती शांतता मला सहन झाली नाही. वातावरण हलके करावे म्हणून मी म्हणालो, ‘एका नटासाठी माणसे इतकी रडतात, घरच्या माणसासाठीसुद्धा इतकी रडत नसतील.’

कोणी हसले नाही. मेष्ट्रूंनी आपला पेला अर्धाच ठेवला, छत्री घेतली आणि ‘बर्तेने’ म्हणजे ‘येतो’ इतकेच म्हणून ते निघून गेले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

मी स्वतःशी बरेच युक्तिवाद केले. मी काही वाईट हेतूने बोललो नव्हतो. ते साधे मत होते. एवढे मनावर घेण्याचे कारण काय? चौथ्या रविवारी अक्कांनी मला बाजूला घेतले आणि सुनावले, ‘तुम्ही चित्रपटावर बोलला नाहीत, रडणाऱ्यांवर बोललात. मेष्ट्रू त्या दिवशी पहाटे रांगेत उभे होते, हे तुम्हाला ठाऊक होते का?’ मला ठाऊक नव्हते.

त्याच सायंकाळी मी त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर त्यांच्या पत्नीची तसबीर होती, आणि शेजारी राजकुमारांची. मेष्ट्रूंनी मला बसविले आणि मी क्षमा मागण्यापूर्वीच ते बोलू लागले. १२ एप्रिल २००६ रोजी राजकुमार गेले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार नेत्रदान झाले. ते वाचून मेष्ट्रूंच्या पत्नीने आपलेही डोळे द्यावेत असे घरात सांगून ठेवले. २०१२ मध्ये त्या गेल्या. त्या रात्री मेष्ट्रूंनी स्वतः नेत्रपेढीला दूरध्वनी केला. ‘या शहरात कोणीतरी तिच्या डोळ्यांनी पाहत आहे,’ ते म्हणाले. ‘मी रस्त्याने जाताना कधीकधी लोकांच्या डोळ्यांकडे पाहतो.’ पुनीत यांचेही नेत्रदान झाले होते, हे त्यांनीच मला सांगितले. मेष्ट्रू एका नटासाठी रांगेत उभे होते खरे. परंतु ते कोणासाठी रडत होते, हे मला त्या खोलीत बसल्यावर कळले.

मी क्षमा मागितली. शब्द नीट सुचले नाहीत. कन्नडही आठवेना आणि मराठीही. मेष्ट्रूंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘परवागिल्ल, सार्.’ नंतर, जणू माझी अवघडलेली स्थिती पाहून, त्यांनीच वातावरण हलके केले. पुनीत यांच्या दोन डोळ्यांनी चौघांना दृष्टी मिळाली होती. शल्यविशारदांनी प्रत्येक पारपटलाचे पुढचा आणि मागचा असे दोन थर वेगळे करून ते वेगवेगळ्या रुग्णांना बसविले होते. ‘आमचे अप्पू जातानाही बाय टू करून गेले,’ मेष्ट्रू म्हणाले आणि हसले. त्यांना हसण्याचा अधिकार होता. त्या वाक्यात आणि माझ्या वाक्यात काय अंतर आहे, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला.

थट्टा कोठे थांबावी

माझा निष्कर्ष साधा आहे. चित्रपटाला हसावे; प्रेक्षकाला हसू नये. नायक दहा माणसे एका ठोशात उडवितो, याला पोटभर हसावे. गाणे भलत्याच वेळी सुरू झाले, तर तेही सांगावे. ज्याने ती कलाकृती बाजारात आणली त्याने आपल्या मताची जोखीम पत्करलेली असते. परंतु ज्याने त्या कलाकृतीत आपले काही ठेवलेले आहे, एखादी आठवण, एखादे दुःख, एखादी श्रद्धा, त्याची ती ठेव आपण मोडू नये. ती त्याच्या नावावर असते, आणि तिच्या पावतीवर काय लिहिले आहे हे आपल्याला दिसत नाही.

‘कांतारा’च्या निमित्ताने हीच गोष्ट सार्वजनिक रीतीने घडली. चित्रपट पाहून आलेले काही प्रेक्षक दैवाचा वेष करून नक्कल करू लागले, तेव्हा निर्मात्यांनीच ऑक्टोबर २०२५ मध्ये तसे न करण्याचे आवाहन केले. पुढे नोव्हेंबरमध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या मंचावर एका प्रसिद्ध हिंदी नटाने कौतुकाच्या भरात तशीच नक्कल केली, टीका झाली, आणि त्यांनी क्षमा मागितली. अभिनयाची प्रशंसा करण्याचाच त्यांचा हेतू होता. परंतु तुळूनाडूच्या माणसासाठी तो अभिनय नव्हता, घरचे दैवत होते. ती बातमी वाचताना मला त्या नटाचा राग आला नाही. २०२१ चा तो रविवार आठवला.

यावर कोणी म्हणेल की, एवढे जपून बोलावयाचे असेल तर बोलूच नये. मला ते मान्य नाही. न बोलणारी मैत्री ही व्यवहार नसलेल्या खात्यासारखी असते. शिल्लक दिसते, पण खाते निष्क्रिय होते. चुकण्याचा धोका पत्करून बोलत राहावे, चुकल्यास स्वतः उठून दार ठोठवावे, आणि दुसरा दार ठोठवीत आला तर ‘परवागिल्ल’ म्हणता यावे. हलके मत देण्याचा हक्क असा मिळवावा लागतो. तो एकट्याने मिळत नाही.

त्या सायंकाळनंतर मी नेत्रदानाचा अर्ज भरला. अक्कांनी त्या वेळी सांगितलेली माहिती येथे देऊन ठेवतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते. तोपर्यंत पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि पंखा बंद करावा. वयाची अट नाही. चष्मा असल्यास किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असल्यासही नेत्रदान करता येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरच्यांना आधी सांगून ठेवावे, कारण दूरध्वनी त्यांनाच करावयाचा असतो. नामनिर्देशनाचा अर्ज भरण्याविषयी आम्ही बँकेतील मंडळी ग्राहकांच्या मागे लागत असू. हाही एक नामनिर्देशनाचाच प्रकार समजावा.

मेष्ट्रू पुढच्या रविवारी परतले आणि आजही येतात. राजकुमारांच्या चित्रपटांविषयी मी आता माझे खरे मत त्यांना सांगतो. काहींना ‘परवागिल्ल’ म्हणतो, आणि ते माझ्या मराठी मालिकांना त्याहून खालची श्रेणी देतात. वाचकहो, आपल्याही गावी अशी एखादी चहाची टपरी, एखादा पार किंवा शाखेतील मधल्या सुट्टीचा कोपरा असेलच. या आठवड्यात काय पाहिलेत, असे तेथे कोणाला तरी विचारा. उत्तर पटले नाही तर जरूर भांडा. फक्त चहा संपण्यापूर्वी समोरच्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहून घ्या.